राबाचा विस्तव

स्नेहलच्या सत्काराचा मांडव कुठं घालायचा यावर अखेर घरात एकमत झालं आणि तिची आई देवकी धास्तावली. या घरात भांडण झालं तर फार तर कुणीतरी एक वेळ जेवत नसे. एकमत झालं, की मात्र दुसऱ्या कुणाला तरी भोगावं लागायचं.

मागचं एकमत पेंढ्यावर झालं होतं. दिवाळीनंतर भात झोडून झालं, गोठ्याच्या माळ्यावर जागा उरली नाही, तेव्हा धाकटा मुलगा साईनाथ म्हणाला होता, "वाडीवरची शाळा रिकामीच हाय की." साईनाथ त्याच सरकारी शाळेचा मास्तर. शाळा रिकामी असते हे त्याच्याइतक्या अधिकारानं दुसरं कोण सांगणार? थोरल्या शेखरनं मान डोलावली, देवकीच्या नवऱ्यानं, धाऊनं, गाडी जुंपली, आणि भारे वर द्यायला देवकीनं पदर खोचला. पेंढा छपराला टेकला. फळ्यापुढं थोडी जमीन मोकळी राहिली, तीसुद्धा पेंढा संपला म्हणून.

आता शाळा नव्हती. माळावर चार काळ्या भिंती होत्या. आणि बुध्या कातकऱ्याची पोर हिरी नव्हती.

"मांडव आपल्याच खळ्यावर," शेखर म्हणाला. "शाळेसमोर घातला तर सायबांच्या मागं त्या भिंती येतील. फोटोत बरं नाय दिसत."

साहेब म्हणजे आगीच्या चौकशीला तालुक्याहून येणारे शिक्षण खात्याचे साहेब. शेखरनं त्यांनाच सत्काराचे प्रमुख पाहुणे नेमलं होतं. एकाच जीपच्या फेरीत आधी चौकशी, मग शाल-श्रीफळ. शेखरला येत्या खेपेला सरपंच व्हायचं होतं. तो आत्तापासूनच इतका जुळवून घेतो, तर निवडून आल्यावर काय करील, याची देवकीला काळजी वाटे.

ज्या लेकीचा सत्कार, ती ओटीवर खांबाला टेकून बसली होती. सकाळीच विमानतळावरून आली होती. दिवाळी झाल्या झाल्या ती टांझानियाला गेली, पुण्याच्या एका संस्थेतर्फे, तिथल्या खेड्यातल्या प्राथमिक शाळेत पोरांना शिकवायला. बिनपगारी. टांझानिया कुठं आहे हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं, मुरबाडच्या पेंटरलाही नव्हतं. त्यानं सत्काराच्या बॅनरवर स्नेहलच्या फोटोशेजारी अंदाजानं जिराफ काढला होता. तो मान लांबलेल्या बैलासारखा दिसत होता आणि स्नेहलकडं संशयानं बघत होता.

पोर वाळली होती. केस बारीक कापलेले. घरात पाऊल टाकण्याआधी ती सरळ वाडीवर जाऊन आली होती, आणि तिच्या चपलांनी ओटीच्या सारवणावर काळे ठसे उठवले होते.

"पेंढा कुणी भरला शाळेत?" तिनं विचारलं.

"आता तो विषय—" शेखर म्हणाला.

"दादा, मी भाऊला विचारते."

साईनाथनं घड्याळात पाहिलं. त्याला सवय होती. मास्तरकी त्याची नोकरी होती, पण धंदा मुरबाडला, मुंबईकरांना फार्महाऊसचे प्लॉट दाखवण्याचा. तीन वर्षं वाडीवरची शाळा त्याच्या नावावर स्नेहल चालवत होती. तिनं डी.एड. केलेलं, नेमणूक मिळेना, घरात बसवेना. पगार साईनाथचा, घसा स्नेहलचा. देवकीला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. घरातलं काम घरातच केलं जात होतं.

"दिवाळीनंतर वाडीत असतं कोण?" साईनाथ म्हणाला. "सगळी वीटभट्ट्यांवर जातात, पोरंबाळं घेऊन. पाऊस लागेस्तोवर कुत्रं नसतं तिथं. दरवर्षीचा हाय. पेंढा ठेवला तर कुणाचं काय गेलं?"

बोलून गेल्यावर त्यालाही ते ऐकू आलं असावं.

"या वर्षी पोरं मागं राहिली होती," स्नेहल म्हणाली. "मी ठेवायला लावली. घरोघर जाऊन पाया पडले. म्हटलं, पोरांना भट्टीवर नेऊ नका, म्हातारीजवळ ठेवा, शाळा चालू राहील. भाऊ, तू मला शब्द दिला होतास, रोज जाईन म्हणून."

"मी प्रयत्न केला."

"किती वेळा गेलास?"

साईनाथ पुन्हा घड्याळाकडं वळला.

शेखर मध्ये पडला. "हे बघ स्नेहल, झालं ते वाईट झालं. पण पोरगी आत शिरली कुलूप तोडून. त्यात साई काय करणार? हाताला आगपेटी लागली, ओढली काडी. पोरांचा खेळ. सायबांना आमी तसं सांगितलंय आणि त्यांना ते पटलंय."

"कुलूप तोडलं नव्हतं."

"तुला काय ठाऊक? तू तिकडं जिराफात."

"चावी हिरीकडं होती. मी दिली होती, जायच्या आदल्या दिवशी."

शेखर साईनाथकडं वळला.

"भाऊ येणार नाही हे मला आतून ठाऊक होतं," स्नेहल म्हणाली. तिचा आवाज वर गेला नाही, त्यानं देवकीला जास्त भीती वाटली. "हिरी चौथीत, सगळ्यांत मोठी. तिला म्हटलं, सर नाही आले तर तू उघड. फळ्यावर तारीख लिही, लहान्यांकडून पाढे म्हणून घे. आणि वेळ संपल्याशिवाय कुलूप लावू नको."

साईनाथ उठून तिच्याजवळ जाऊन बसला. सकाळपासून पहिल्यांदाच. "म्हणजे चूक तुझी पण हाय," तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात एक प्रकारची माया होती. "मग तर आपण दोघं एकाच गाडीत. चावीचं कुणाला बोलू नको, मी पेंढ्याचं नाय बोलत."

"मी उद्या माइकवर सगळं सांगणार आहे. पेंढा, चावी, सगळं. आणि काडी हिरीनं ओढली नाही हेसुद्धा. ती पोर विझवलेल्या चुलीवरसुद्धा पाणी शिंपडायची."

"मग लागली कशी आग?" शेखर म्हणाला. "आभाळातून पडली?"

धाऊ इतका वेळ पायरीवर बसून दाव्याला पीळ घालत होता. त्यानं तो पीळ सोडला आणि पुन्हा घालायला घेतला. मग दावं तिथंच ठेवून तो गोठ्याकडं गेला. आग लागल्यापासून धाऊ घरात कुणाशी बोलत नव्हता. लोक म्हणत, म्हातारा हळवा आहे, पोरीच्या मरणानं खचला. देवकी त्यांना हो म्हणे.

देवकी उठली आणि मागच्या दारी गेली, कारण तिथं कुणीतरी खोकलं होतं.

दाराबाहेर ठकू उभी होती, हिरीची आई. हातात फुटक्या मडक्याचं खापर.

"वैनी, वायचा विस्तव द्या."

घरात गॅस आला होता, पण तो शेखरच्या बायकोचा, पूजाचा. देवकीची भाकरी अजून चुलीवर होई आणि चूल रात्री राखेखाली निखारे दाबून जपली जाई. गावात अजून बऱ्याच घरी तसंच होतं, वाडीत तर सगळीकडं. विस्तव मागणं नवं नव्हतं. पण वाडी सोडून, माळ उतरून, भर दुपारी गावात?

"वाडीत नाय का गो कुणाच्या चुलीत?"

"हाय. देत नाय." ठकू खापराकडं बघत बोलत होती. "शेजारच्या सावळीकडं गेले, तिनं चूल झाकली. म्हणतात, ज्या घरानं शाळा जाळली त्या घराला विस्तव कोन देईल? परत कायतरी पेटवाल म्हणतात. आता शाळा नाय यायची वाडीला, तुमचे पोरीनं घालवली म्हणतात. बुध्या तं घराच्या बाहेर निघत नाय."

देवकी दारातून बाजूला झाली. "बस गो वाईच," ती म्हणाली.

ठकू बसली नाही. "आमी भट्टीवर होतो. माझे सासूनं सांगितला मना. बाकीची पोरं खेकडी धराया व्हाळावर गेली. हिरीला बोलावत होती. ती नाय गेली. म्हनाली, शाळा सुटली नाय अजून." तिनं खापर एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "पोरं नाय, मास्तर नाय, आन शाळा सुटली नाय. मंग निजली आसंल पेंढ्यात. वैनी, ती काडी नाय ओढायची. उद्या तायला सांगा ना बोलाया. ताय एवढी लांब जाऊन शिकवून आली, तिचा ऐकतील. माझे पोरीवरचा एवढा काढा. बाकी मना कायच नको."

देवकी चुलीपाशी गेली. चिमट्यानं राख बाजूला केली. लाल निखारा वर आला, तोच शेखर आत आला. त्यानं बाहेर कोण आहे ते पाहिलं आणि चिमटा आईच्या हातातून हळूच काढून घेतला.

"वाडीची माणसं देत नायत आणि आपण दिला, तर लोक विचारतील का दिला," तो हळू म्हणाला. मग फळीवरची आगपेटी उचलून दाराशी गेला आणि मोठ्या आवाजात म्हणाला, "हे घे ठकू, अख्खी पेटी ने. विस्तव कशाला वागवत न्यायचा एवढ्या लांब? आणि उद्या कार्यक्रमाला ये हां नक्की, तुझ्यासाठी साडी काढलीय."

ठकूनं आगपेटी घेतली. उलटीसुलटी करून पाहिली. काय वस्तू आपल्या हातात दिली आहे ते तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं ती उंबऱ्यावर ठेवली, दोन बोटांनी आत ढकलली, आणि निघाली.

"खापर राहिला गो!" देवकी ओरडली.

"ऱ्हाऊ द्या. विस्तव आसंल तवा नेन."

शेखर आत येऊन म्हणाला, "यांना काय देऊन उपयोग नाय." त्याला खरोखरच वाईट वाटलं होतं.

ऊन कलल्यावर स्नेहल चुलीपाशी येऊन बसली. देवकी भाकऱ्या थापत होती.

"आई, बाबा माझ्याकडं बघत का नाहीत?"

"दमलेत."

"आई."

देवकीनं भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं. भाकरी उलटायची वेळ आली तरी ती बघतच राहिली, आणि करपल्याचा वास आला तेव्हा बोलू लागली.

दर पंधरवड्याला शुक्रवारी दुपारी तीन वाजता टोकावड्याच्या एसटीडी बूथवर स्नेहलचा फोन यायचा. तिकडं तेव्हा पोरांची जेवणाची सुट्टी असे. धाऊ आणि देवकी एसटीनं जात, बूथवाल्याकडं बाकावर बसत. फोन वाजला की धाऊ आधी टोपी नीट करी, मग रिसीव्हर देवकीच्या हातात देई. स्वतः तो कधी बोलला नाही. कानाला कान लावून ऐकायचा आणि शेवटी एवढंच विचारायला लावायचा, "जेवतेस का?"

त्या शुक्रवारी शाळेजवळच्या खाचरात राब रचून झाला होता. शेण, त्यावर टहाळ, पातेरा, गवत, वर चाळलेली माती. यंदाची भाताची रोपं त्याच भाजलेल्या जमिनीवर व्हायची. राब पेटवायचा तो उजाडता किंवा दिवस मावळताना, वारा पडलेला असताना, आणि शेवटचा धूर जाईपर्यंत बांधावरून हलायचं नाही. धाऊच्या बापानं हे त्याला शिकवलं होतं आणि धाऊनं ते आयुष्यभर पाळलं होतं. संध्याकाळी पेटवू असं ठरलं होतं. पण टोकावड्याहून परतीची गाडी अंधार पडल्यावर यायची. रचलेला राब रात्रभर सोडला तर पातेरा उडून जातो. जेवून उठल्यावर धाऊनं हाताच्या पाठीवर वारा घेतला आणि म्हणाला, आत्ताच लावून जाऊ, पेटेल हळूहळू.

"मी म्हटलं त्यांना, वारा हाय," देवकी म्हणाली. "म्हटलं आणि पायात चपला घातल्या. गाडी चुकली असती ना."

स्नेहलनं गुडघे पोटाशी ओढले.

"तू फोनवर म्हणालीस, आई थांब, आमची मुलं तुझ्यासाठी गाणार आहेत. आणि गायली ती. तुला काय म्हणतात ती, म्वालिमू, म्हणजे बाई, ते सारखं येत होतं गाण्यात. तुझ्या बापानं डोळे मिटले होते. बूथवाला बाहेर उभा राहून म्हणाला, काका, तुमच्या गावाकडं धूर लय दिसतोय. त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं, आमचाच राब हाय."

चुलीतलं लाकूड सरकलं. ठिणग्या उडाल्या तशी स्नेहल एकदम मागं झाली.

"दादा, भाऊ, यांना माहीत आहे?"

"माहीत नसल्यासारखं माहीत हाय."

"पोलीस?"

"कोण सांगणार? बांधावर दुसरं कोण नव्हतं." देवकीनं करपलेली भाकरी काढून शेजारी ठेवली. "तू बोलणार असशील तर बोल. पण पेंढा बोललीस, चावी बोललीस, तर लोक पुढचं विचारतील. मग तुझा बाप. या वयात तो तुरुंगात नाय टिकायचा गो."

हे बोलताना आपण लेकीला गप्प बसवतो आहोत हे देवकीला कळत होतं. तिला तेच हवं होतं.

संध्याकाळी स्नेहल शेखरकडं गेली आणि म्हणाली, "दादा, तू लिहिलेलं भाषण दे. तेच वाचीन."

शेखरला भरून आलं. साईनाथनं बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. कित्येक वर्षांत तिघं भावंडं इतकी एकजीव दिसली नव्हती. पूजानं शेवयांची खीर केली. ज्या एका माणसाची ठकूला आशा होती ते माणूस घरच्यांना सामील झालं होतं, आणि देवकीला मागितलेलं सगळं मिळालं होतं. तिनं खिरीची वाटी बाजूला सारली. कोनाड्यात ठकूचं खापर होतं.

सकाळी साहेब आले. चौकशी लवकर आटोपली. साहेबांनी जीपमधूनच भिंती पाहिल्या, ऊन फार असल्याचं नोंदवलं, आणि साईनाथला दोन प्रश्न विचारले. दोन्हींची उत्तरं त्यांना आधीच ठाऊक होती. मग सगळे मांडवात आले.

गाव बऱ्यापैकी जमलं होतं. वाडीची माणसं मागं, उन्हाच्या रेघेवर बसली होती, आणि त्यांच्यापासूनही वावभर लांब ठकू. मध्ये कुणी बसलं नव्हतं. स्टेजवर साहेब, शेखर, साईनाथ, स्नेहल, आणि कन्येचे पिताश्री म्हणून धाऊ. त्याला इस्त्रीची टोपी घातली होती. खुर्चीत कसं बसायचं हे न कळून तो बांधावर बसतो तसा, गुडघ्यांवर कोपरं ठेवून बसला होता, माइकच्या अगदी जवळ. मागं जिराफ होता.

स्नेहलनं भाषण वाचलं. सातासमुद्रापार ज्ञानाचा दिवा लावण्याचं भाग्य, आईवडिलांचे संस्कार, मोठ्या भावाचं मार्गदर्शन. एका ठिकाणी ती थांबली. कागदात नसलेलं काही बोलणार असं वाटलं. "तिथली मुलं," ती म्हणाली, "शाळा सुटेपर्यंत थांबतात. कुणी नसलं तरी." मग तिनं पुन्हा कागद धरला आणि शेवटपर्यंत वाचला. टाळ्या झाल्या. ती ठकूकडं एकदाही बघू शकली नाही, हे देवकीनं पाहिलं. ठकूनंही पाहिलं असणार. ती जरा पुढं सरकून बसली होती, ती पुन्हा मागं सरकली.

मग साहेब बोलले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना दिलेल्या माहितीवर त्यांनी मनापासून दुःख व्यक्त केलं. म्हणाले, एका कोवळ्या जिवाच्या एका क्षणाच्या खोडकरपणानं केवढी हानी झाली. मुलांनी आगीशी खेळू नये, हा धडा वाडीतल्या पालकांनी आता तरी घ्यावा. शासन सहानुभूतीनं विचार करील.

वाडीच्या बायकांनी माना वळवून ठकूकडं पाहिलं.

"आणि आता," शेखरनं माइक घेतला, "मानवतेच्या नात्यानं, त्या दुर्दैवी मुलीच्या आईला, आपल्या स्नेहलताईंच्या हस्ते—"

देवकी मांडवातून उठली आणि घरात गेली. लोकांना वाटलं, चहाचं बघायला गेली. तिनं कोनाड्यातलं खापर घेतलं, चूल उघडली आणि चिमट्यानं निखारे भरू लागली. एक, मग आणखी एक, मग चिमटा टाकून फुंकणीनंच सगळे ओढून घेतले. वर राख घातली. हाताला चटका बसत होता. पदराचं टोक खाली धरून ती बाहेर आली आणि स्टेजसमोरून चालू लागली.

"आई, कुठं?" शेखर म्हणाला. हे माइकवर गेलं.

ती थांबली नाही. वाडीच्या माणसांमधून गेली, तशी ती आपोआप बाजूला झाली. ठकूपाशी जाऊन ती उकिडवी बसली आणि खापर तिच्या पुढ्यात ठेवलं.

"काल मागितला होतास. घे. आमचे चुलीतला हाय."

ठकू बघत राहिली.

"आणि शाळेला लागला तो पण आमचाच," देवकी म्हणाली. तिला मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. तिनं डोकं वर केलं आणि सावळीकडं बघून पुन्हा म्हणाली. "राबातला. भर दुपारी लावला आमी, वाऱ्यात, आणि सोडून गेलो टोकावड्याला. पेंढा आमचा. चावी माझे लेकीनं दिलेली. हिरीनं काडी नाय ओढली. तिनं कायच नाय केला. ती शाळेत होती."

पुढच्या रांगांना ऐकू गेलं नव्हतं. काय म्हणाली, काय म्हणाली, अशी कुजबुज स्टेजकडं सरकत गेली. शेखर हसून म्हणाला, "आईची तब्येत कालपासून—"

"वारा होता."

आवाज लाउडस्पीकरमधून आला, खरखरीत आणि हळू. तो कुणाचा हे लोकांना चटकन ओळखू आलं नाही, कारण तो गेल्या कित्येक दिवसांत कुणी ऐकला नव्हता.

"माझ्या हातावर लागला वारा," धाऊ म्हणाला. तो माइकशी बोलत नव्हता, आपल्या हाताच्या पाठीशी बोलत होता. "मना कळला होता. पण पोरीचा फोन यायचा होता."

शेखरनं माइक बंद केला. बंद होताना तो एकदा जोरात शिटी वाजवून गेला.

स्नेहल अजून शाल पांघरून उभी होती, हातात ती साडी. साईनाथ मांडवाच्या खांबांकडं पाहत होता, आणि त्या दिवशी तरी त्यानं घड्याळ बघितलं नाही. साहेबांनी ड्रायव्हरला खूण केली. ते जीपपाशी पोचले, तेव्हा मागच्या सीटवर धाऊ येऊन बसलेला होता. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. अशा वेळी काय करायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. तालुक्याला न्यावं लागेल, तर गाडी उभीच होती.

"यांना कुणी बसवलं?" साहेबांनी विचारलं.

ठकूनं खापर उचललं. राखेवर हलकीशी फुंकर घातली, खाली लाल आहे याची खात्री केली, आणि माळाच्या वाटेला लागली. देवकीशी ती एक शब्द बोलली नाही. तिनं साडीकडं, स्नेहलकडं, जीपकडंही पाहिलं नाही. थोड्या वेळानं सावळी उठली. भरभर चालत तिनं ठकूला गाठलं आणि वाऱ्याच्या बाजूनं पदर आडवा धरला. मग एकेक करून बाकीच्या बाया उठल्या.

देवकी घरी आली. मांडवात शेखर कुणावर तरी ओरडत होता, जीपचं इंजिन चालू झाल्याचं ऐकू आलं, मग लांब गेल्याचं. पूजा आतल्या खोलीचं दार लावून बसली होती. स्नेहल कुठं होती कोण जाणे.

सवयीनं ती चुलीसमोर बसली आणि चिमट्यानं राख चाळली. एकही निखारा मागं राहिला नव्हता. सगळे तिनंच काढून नेले होते. फळीवर शेखरची आगपेटी होती. तिच्याकडं देवकी बराच वेळ बघत राहिली, पण हात पुढं झाला नाही.

मग ती उठली, परसात गेली आणि फुटक्या मडक्यांच्या ढिगात हात घालून आपल्यासाठी एक खापर शोधू लागली. सापडलं, तेव्हा ते घेऊन ती मागच्या दाराशी उभी राहिली. एका बाजूला गाव होतं, दुसऱ्या बाजूला वाडीची वाट. यातलं कुठलं दार आता आपल्याला विस्तव देईल, हे तिला ठरवता येईना.